बेचाळीस धावांचा दोषी कोण?

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाला, म्हणजे कागदोपत्री हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला, सकाळी चार फेऱ्या मारून झाल्या की आम्ही चार-पाच जण बाहेरच्या टपरीवर चहाला थांबतो. एका रविवारी तिथे दोन कॉलेजकुमारांची जुंपली होती. रात्री जागून त्यांनी मँचेस्टर युनायटेडचा सामना पाहिला होता आणि संघ पुन्हा हरला होता. एकाचे म्हणणे, ‘मॅनेजरला घरी पाठवल्याशिवाय काही खरं नाही.’ दुसऱ्याचे म्हणणे, ‘खेळाडूच भिकार आहेत. मॅनेजर काय मैदानात उतरून गोल मारणार?’

आमच्यातले एक निवृत्त बँक अधिकारी बराच वेळ गप्प होते. कप खाली ठेवून ते म्हणाले, ‘बाळांनो, चौऱ्याहत्तर साली आम्ही वाडेकरांचं असंच केलं होतं.’

‘कोण वाडेकर, काका?’

काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण प्रश्न चांगला होता. संघ हरत असताना त्याचा मॅनेजर, प्रशिक्षक किंवा कर्णधार कितपत दोषी, हे ठरवायचे कसे? आवाज चढवून ते ठरत नाही. मग त्याला काही रीत आहे का? हा प्रश्न खेळापुरता नाही. शाळेचा निकाल घसरला की मुख्याध्यापकांकडे बोट दाखवले जाते, तिथेही हाच प्रश्न असतो. म्हणून तो जरा खोलात जाऊन पाहू.

आधी वाडेकरांची गोष्ट. १९७१ साली निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने अजित वाडेकर भारताचे कर्णधार झाले. पतौडींसारखा नामवंत कर्णधार बाजूला झाला होता. त्याच वर्षी वाडेकरांचा संघ वेस्ट इंडीजमध्ये १-० ने जिंकला. सुनील गावसकरांनी पदार्पणाच्या मालिकेत ७७४ धावा केल्या आणि मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी ६४२. नंतर २४ ऑगस्टला ओव्हलवर इंग्लंडचा पराभव झाला. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंड १०१ धावांत आटोपले आणि मालिका १-० ने आपली झाली. १९७२-७३ मध्ये इंग्लंडचा संघ इकडे आला, तोही २-१ ने हरला. लागोपाठ तीन मालिका! इंदूरला त्या विजयाचे स्मारक म्हणून काँक्रीटची एक भलीमोठी बॅट उभारली गेली.

मग १९७४ चा इंग्लंड दौरा झाला. पहिली कसोटी ११३ धावांनी गेली. लॉर्ड्‌सवर इंग्लंडने ६२९ धावा ठोकल्या, आपण ३०२ केल्या आणि दुसऱ्या डावात अवघ्या १७ षटकांत ४२ धावांत सर्वबाद झालो. त्यातल्या १८ एकट्या सोलकरच्या, त्याही नाबाद. तिसरी कसोटी एक डाव आणि ७८ धावांनी गेली. इंदूरच्या त्या बॅटला लोकांनी काळे फासले. वाडेकरांना दुलीप करंडकासाठी पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळले गेले आणि त्यांनी निवृत्ती जाहीर केली. तेव्हा त्यांचे वय ३३ होते.

माणूस एकच, डोकेही एकच. तीन वर्षांत ते डोके इतके बिघडले का?

आता १९७१ च्या इंग्लंड दौऱ्याकडे जरा संशयाने पाहू. लॉर्ड्‌सच्या पहिल्या कसोटीत भारताला १८३ धावा हव्या होत्या. १४५ धावांत आठ गडी बाद झाले असताना पाऊस आला आणि सामना अनिर्णित राहिला. त्या पावसाने आपला विजय हुकवला की पराभव टाळला, हे कोणी सांगावे? दुसऱ्या कसोटीत मँचेस्टरला मात्र शंकेला जागा नाही. भारतापुढे ४२० धावांचे आव्हान होते, ६५ धावांत तीन गडी गेले होते आणि शेवटचा पूर्ण दिवस पावसात वाहून गेला. तो दिवस कोरडा असता तर ओव्हलच्या विजयाने मालिका बहुधा बरोबरीत सुटली असती. मग बॅटचे स्मारक झाले असते का? मँचेस्टरचा पाऊस कर्णधाराच्या अखत्यारीत येत नाही.

दुसरी गोष्ट महिन्यांची. १९७१ मध्ये इंग्लंडच्या हंगामाचा पूर्वार्ध पाकिस्तानला मिळाला आणि आपल्या कसोट्या २२ जुलै ते २४ ऑगस्ट या काळात झाल्या. १९७४ मध्ये उलट झाले, आपल्या वाट्याला पूर्वार्ध आला आणि कसोट्या ६ जून ते ८ जुलै या काळात झाल्या. इंग्लंडमध्ये हंगामाच्या सुरुवातीला थंडी आणि ओल असते, चेंडू हवेत आणि खेळपट्टीवर हलतो, जलदगती गोलंदाजांचे फावते. ऑगस्टपर्यंत खेळपट्ट्या वाळतात आणि फिरकी चालते. आपले बळ होते बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन यांच्यात. त्यात लॉर्ड्‌सवर चंद्रशेखर जखमी झाला. त्या ४२ धावांच्या डावात तो फलंदाजीला आलाच नाही, म्हणजे ‘सर्वबाद’ म्हणताना प्रत्यक्षात नऊच गडी बाद झाले होते.

प्रयोगशाळेत आम्ही दोन नमुन्यांची तुलना करताना एक घटक बदलतो आणि बाकीचे स्थिर ठेवतो. इथे महिना बदलला, हवामान बदलले, प्रतिस्पर्धी संघातली माणसे बदलली, आपला हुकमी गोलंदाज जायबंदी झाला. न बदललेला एकच घटक होता, कर्णधार. आणि दोष आला त्याच्याच वाट्याला! तर्कशास्त्राच्या दृष्टीने हे उफराटेच आहे.

वाडेकरांची कर्णधार म्हणून सगळी कारकीर्द घेतली तर हिशेब असा येतो: १६ कसोट्या, ४ विजय, ४ पराभव, ८ अनिर्णित. हे आकडे मी काकांना सांगितले तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. त्यांच्या मनातले वाडेकर एक तर डोक्यावर घेतलेले होते, नाही तर पायदळी तुडवलेले. आकड्यांतले वाडेकर या दोन्हींच्या मधोमध उभे आहेत. अर्थात १६ सामने हा काही फार मोठा नमुना नाही, आणि त्यांच्या आधीच्या भारतीय संघाला परदेशात फारसे जिंकता येत नव्हते, हेही लक्षात ठेवायला हवे.

आता वर्गात करता येईल असा एक प्रयोग सांगतो. साहित्य म्हणून प्रत्येकी एक नाणे पुरे. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाने आपले नाणे दहा वेळा उडवायचे. छापा पडला तर सामना जिंकला, काटा पडला तर हरला. सरासरी पाच छापे पडणार. पण तीन किंवा त्याहून कमी छापे पडलेली मुलेही निघतील. दहा नाणेफेकींचे एकूण प्रकार १०२४, त्यांपैकी १७६ प्रकारांत तीन किंवा कमी छापे येतात. म्हणजे साठांपैकी साधारण दहा मुलांचे ‘संघ’ रसातळाला गेलेले असतील. त्यांना फळ्याजवळ बोलवा.

आता त्यांतल्या निम्म्या मुलांची नाणी काढून घेऊन त्यांना नवी नाणी द्या. हा झाला नवा मॅनेजर. उरलेल्या निम्म्यांना आपापले जुनेच नाणे वापरू द्या. सगळ्यांनी पुन्हा दहा वेळा नाणे उडवायचे.

काय होईल? ज्यांना नवे नाणे मिळाले त्यांच्यातल्या बहुतेकांचा निकाल सुधारेल. गणित केले तर शंभरातल्या सुमारे ८७ जणांचा. वर्गात टाळ्या पडतील. पण ज्यांचे नाणे बदलले नाही त्यांचाही निकाल तेवढाच सुधारलेला असेल. नाण्याला ना डावपेच कळतात, ना शिस्त. सुरुवातीला ती मुले तळाला गेली ती केवळ योगायोगाने, आणि योगायोगाला स्मरणशक्ती नसते. पहिल्या फेरीत सात-आठ छापे पडलेल्या मुलांनाही पुढे बोलवायला विसरू नका. त्यांतली बहुतेक खाली येतील.

याला संख्याशास्त्रात सरासरीकडे परतणे म्हणतात. इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टनने १८८६ साली आईवडील आणि मुले यांच्या उंचीच्या मोजमापांतून ते दाखवले. फार उंच आईवडिलांची मुले उंच असतात, पण सरासरीने पाहिले तर आईवडिलांइतकी नसतात. फार बुटक्यांची मुले त्यांच्यापेक्षा थोडी उंच निघतात. गंमत म्हणजे हे उलटेही खरे आहे. फार उंच मुले निवडली तर त्यांचे आईवडील सरासरीने त्यांच्याहून कमी उंच निघतात. मुलांची उंची आईवडिलांना खाली ओढू शकत नाही हे उघड आहे. तेव्हा यात कोणतेही ‘बल’ नाही. कोणताही निकाल म्हणजे थोडी कुवत आणि थोडा योगायोग. टोकाचे निकाल निवडले की टोकाचा योगायोगही आपोआप निवडला जातो. पुढच्या वेळी कुवत टिकते, तो योगायोग टिकत नाही.

शिक्षकांनी इथे एक क्षण थांबावे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान, ज्यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते तरुणपणी इस्रायलच्या हवाई दलातील प्रशिक्षकांना शिकवत होते. शाबासकीने माणूस चांगला शिकतो, असे त्यांनी सांगताच एक अनुभवी प्रशिक्षक उठला. त्याचे म्हणणे असे की, उत्तम उड्डाणाबद्दल शाबासकी दिली की पुढचे उड्डाण बिघडते आणि वाईट उड्डाणाबद्दल झापले की पुढचे सुधारते. त्याचे निरीक्षण खरे होते, निष्कर्ष चुकीचा होता. कानेमानांनी जमिनीवर एक खूण केली आणि प्रशिक्षकांना तिच्याकडे पाठ करून दोन-दोन नाणी फेकायला लावली. ज्यांचे पहिले नाणे फार लांब पडले त्यांचे दुसरे बहुधा जवळ पडले, आणि ज्यांचे पहिले जवळ पडले त्यांचे दुसरे लांब. कोणी कोणाला झापले नव्हते की शाबासकी दिली नव्हती. छडीवर विश्वास का बसतो, याचे याहून साधे उत्तर मी वाचलेले नाही.

टपरीवरच्या त्या मुलांच्या खेळात, फुटबॉलमध्ये, तर योगायोगाचा वाटा विशेष मोठा आहे, कारण गोल फार थोडे होतात. कबड्डीत तीस-चाळीस गुण होतात, एखादा चुकीचा निर्णय त्यात जिरून जातो. फुटबॉलमध्ये पंचांची एक शिट्टी सामना फिरवते. समजा, एक संघ सामन्यात सरासरी १.६ गोल करतो आणि दुसरा १.१. पहिला निश्चितच सरस. गोल योगायोगाने विखुरलेले असतात असे धरून गणित मांडले, तर शंभर सामन्यांपैकी सरस संघ सुमारे ४९ जिंकतो, २५ बरोबरीत सुटतात आणि २६ तो हरतो. सरस असूनही निम्मेच सामने! आणि लागोपाठच्या पराभवांचे म्हणाल तर नाणे वीस वेळा उडवा: त्यात कुठे तरी लागोपाठ चार काटे येण्याची शक्यता ४८ टक्के, म्हणजे जवळजवळ निम्मी असते. लागोपाठ चार पराभव झाले की मॅनेजरच्या राजीनाम्याची मागणी होते.

मग काढून टाकल्यावर संघ सुधारतो तो? भारताचेच पाहा. वाडेकरांनंतर १९७४-७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध पतौडींना परत बोलावले गेले. पहिल्या दोन कसोट्या आपण हरलो (दुसरीत जखमी पतौडींऐवजी वेंकटराघवन कर्णधार होते), मग कलकत्ता आणि मद्रास इथे जिंकलो आणि मुंबईची पाचवी हरलो. ०-३ वरून २-३. याला कोणी पतौडींची किमया म्हणेल. पण हे सामने घरच्या खेळपट्ट्यांवर झाले होते आणि विश्वनाथच्या कलकत्त्याच्या १३९ आणि मद्रासच्या नाबाद ९७ धावा त्यात होत्या. शिवाय ०-३ मध्ये दोन वेळा डावाने हरल्यानंतर आणखी खाली जायला जागा तरी किती होती?

एका उदाहरणाने काही ठरत नाही. वर्गातल्या प्रयोगात नाणे न बदललेला गट होता, तसा गट खऱ्या मैदानावर हवा. बास तेर वेल या डच अर्थशास्त्रज्ञाने तो शोधला. त्याने नेदरलँड्‌सच्या अव्वल फुटबॉल साखळीतील १९८६ ते २००४ या काळातले निकाल घेतले. संघाची घसरगुंडी झाली आणि मॅनेजरला काढले, असे प्रसंग एका बाजूला. तशीच घसरगुंडी झाली पण मॅनेजरला ठेवले, असे प्रसंग दुसऱ्या बाजूला. नवा मॅनेजर आल्यावर निकाल सुधारलेले दिसले. पण ज्यांनी जुनाच ठेवला, त्यांचेही निकाल तसेच सुधारले होते. बदलाचा वेगळा फायदा दिसला नाही.

हे मी त्या मुलांना सांगितले तेव्हा मॅनेजरला नारळ द्यायला निघालेल्या मुलाने बिनतोड प्रश्न टाकला. ‘म्हणजे सर, मॅनेजर कोणीही असला तरी चालतो? मग फर्ग्युसन काय नशिबावर जिंकला?’

नाही. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन १९८६ मध्ये युनायटेडला आले, १९९० पर्यंत त्यांना एकही करंडक मिळाला नव्हता आणि प्रेक्षकांनी ‘आता निघा’ असे फलक धरले होते. ते टिकले आणि २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत साखळी स्पर्धेची तेरा विजेतेपदे मिळवली. तेरा वेळा नशीब येत नाही. उलट त्यांच्यानंतर मोयेस, फान गाल, मोरिन्यो, सोल्शेर, टेन हाग अशा पाच जणांना एकामागून एक नारळ मिळाला आणि ते वैभव काही परतले नाही. मात्र फर्ग्युसनांच्या गोष्टीवरून ‘धीर धरा म्हणजे फळ मिळते’ असा नियम काढणेही चूकच. धीर धरून ठेवलेले आणि तरीही हरत राहिलेले मॅनेजर आपल्या लक्षात राहत नाहीत, इतकेच.

मॅनेजरचा प्रभाव असतो. तो दिसायला बरीच वर्षे आणि बरेच सामने लागतात, आणि पाच-सहा सामन्यांत जे दिसते ते बहुतांशी योगायोगाचे असते. थोड्या सामन्यांवरून बोलायचेच असेल तर निकाल बाजूला ठेवून निर्णयाकडे पाहावे. तो घेतला गेला त्या क्षणी काय माहीत होते?

पुन्हा वाडेकर. १९९० च्या दशकात ते भारतीय संघाचे क्रिकेट मॅनेजर होते. १९९३ मध्ये घरच्या मैदानावर इंग्लंडला ३-० हरवले तेव्हा त्यांचे कौतुक झाले. मग १३ मार्च १९९६ उजाडला. ईडन गार्डन्सवर विश्वचषकाचा उपांत्य सामना होता, प्रतिस्पर्धी श्रीलंका. कर्णधार अझरुद्दीनने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतले. श्रीलंकेने २५१ केल्या. आपण १ बाद ९८ वरून ८ बाद १२० वर आलो, खेळपट्टीवर चेंडू हातभर वळू लागला, प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. प्रथम फलंदाजी का घेतली नाही, यावरून अझर आणि वाडेकर यांच्यावर टीकेची झोड उठली.

पण ११ दिवस आधीचे आठवा. २ मार्चला दिल्लीत याच श्रीलंकेसमोर आपण आधी फलंदाजी करून २७१ धावा केल्या होत्या आणि त्यांनी चार गडी गमावून त्या सहज ओलांडल्या. ‘यांना पाठलाग करू देऊ नये’ हा विचार त्या माहितीवर वावगा नव्हता. खेळपट्टी संध्याकाळी फुटेल, हे ओळखायला हवे होते का? हा प्रश्न रास्त आहे आणि त्यावर वाद घालता येईल. माझे मत असे, की खेळपट्टी वाचण्यात चूक झाली, डावपेचात नाही. तुमचे वेगळे असू शकते. निदान हा वाद पुराव्यावर तरी होईल.

आता शाळेचे. एखाद्या शाळेत दहावीला ३६ मुले बसतात आणि समजा, त्या शाळेची खरी कुवत ८५ टक्के निकालाची आहे. प्रत्येक मुलाचे पास-नापास होणे स्वतंत्र धरले तर निव्वळ योगायोगाने निकालात येणारा चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, सुमारे ६ टक्के येते. शिकवण्यात काडीचाही फरक न पडता निकाल एका वर्षी ९१ आणि दुसऱ्या वर्षी ७९ येऊ शकतो. चारशे मुलांच्या शाळेत हाच चढउतार २ टक्क्यांच्या आत असतो. म्हणून जिल्ह्याच्या यादीत अगदी वरच्या आणि अगदी खालच्या टोकाला बहुधा लहान शाळाच सापडतात. तुमच्या जिल्ह्याची यादी घेऊन वरिष्ठ विद्यार्थ्यांकडून हे तपासून घ्या, चांगला प्रकल्प होईल.

हे सगळे मला आधीच ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह होतो. तसे नाही. काही वर्षांपूर्वी मी एका शाळेच्या समितीवर पालक प्रतिनिधी होतो. शाळेचा खो-खो संघ एका वर्षी जिल्ह्यापर्यंत पोचला होता आणि पुढची दोन वर्षे तालुक्याच्या पहिल्याच फेरीत हरला. खो-खोची जबाबदारी क्रीडाशिक्षकांकडून काढून दुसऱ्यांकडे द्यावी, असा ठराव आला. मी संख्याशास्त्र वापरून पोट भरणारा माणूस, पण हात वर केला. पुढच्या वर्षी संघ दोन फेऱ्या जिंकला आणि आम्ही एकमेकांचे अभिनंदन केले.

ते सर अलीकडे पंचवटीत भेटले. मी ओशाळून विषय काढला. ते म्हणाले, ‘जाऊ द्या हो. जिल्ह्याला गेलो तेव्हाची आपली चार चांगली पोरं एकदमच दहावी होऊन गेली होती. नवी पोरं तयार व्हायला दोन वर्षं लागणारच होती. सभेत तुमच्यापैकी कोणी विचारलंच नाही.’